मालक बाहेरगावी गेलाय, काळजी नसावी

तर सर्वात आधी अभिनंदन, तुमची निवड झाली. पास्टर म्हणून असो, वडील (म्हणजे एल्डर) म्हणून, खजिनदार म्हणून किंवा नुसतंच कमिटी मेंबर म्हणून, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, चाव्या आता तुमच्या खिशात आहेत, आणि पहिलं काम म्हणजे ‘कारभारी’ हा शब्द डोक्यातून काढून टाका. फार घातक शब्द आहे तो. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ओइकोनोमोस, म्हणजे दुसऱ्याचं घर चालवणारा माणूस, आणि त्या काळात हा माणूस कितीतरी वेळा स्वतःच गुलाम असायचा. म्हणजे चाव्या कमरेला आणि मालकी शून्य. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात (१ करिंथ ४:२) लिहिलंय की कारभाऱ्यात बघायचं ते एकच, तो विश्वासू आहे का. भाषण कसं देतो, गर्दी किती जमवतो, स्टेजवर कसा दिसतो याबद्दल एक अक्षर नाही. आता अशा अटीवर नेते कसे मिळणार सांगा.

म्हणून शब्द बदला. ‘माझी मंडळी’ म्हणा, ‘माझे लोक’ म्हणा, ‘माझं व्हिजन’ म्हणा. सहा महिने म्हटलं की लोकांना सवय होते, वर्षभरात तुम्हालाही खरं वाटायला लागतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला (मत्तय २५) येशूने सांगितलेला टॅलंटचा दाखला मात्र टाळता येणार नाही, लोकांना पाठ आहे. मालक परदेशी जातो, तीन चाकरांपैकी एकाला पाच, एकाला दोन, एकाला एक टॅलंट देऊन. आपल्याकडे टॅलंट म्हणजे गाणं, गिटार, फार तर पोस्टर डिझाइन, त्यामुळे यावर उपदेश करायला काही धोका नाही. फक्त टॅलंट हे मुळात वजन होतं हे सांगायचं नाही. चांदीचा एक टॅलंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे ज्याला सगळ्यात कमी मिळालं त्या बिचाऱ्याच्या हातातसुद्धा जवळजवळ वीस वर्षांची कमाई होती. हे कळलं की लोक गिटार सोडून पैशांबद्दल विचारायला लागतात.

आणि अजून एक, हे फक्त तुमच्या-माझ्यात. त्या तिसऱ्या चाकराने जमिनीत पुरलेला टॅलंट परत आणून दिला तो जसाच्या तसा, एक दिनारही कमी नाही. ऑडिटमध्ये पास झाला असता तो! तरी त्याला बाहेरच्या अंधारात टाकलं. मग ज्याच्याकडून परतच काही येणार नाही त्याचं काय, हा विचार रात्री झोपताना करू नका, उगाच झोप जाते.

पैशांचं विचाराल तर यहूदा इस्कर्योताकडून, येशूला धरून देणाऱ्या त्या शिष्याकडून, शिकण्यासारखं खूप आहे (शेवट सोडून). शिष्यांच्या पैशांची थैली त्याच्याकडे असायची. बेथानी गावात जेवणाच्या वेळी लाजराच्या बहिणीने, मरियेने महागडं सुगंधी तेल येशूच्या पायांना लावलं तेव्हा यानेच उठून विचारलं की हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना का नाही दिलं. बघा, आकडा तयार, गरिबांचा कळवळा तयार, वर दुसऱ्यालाच अपराधी वाटायला लावलं. योहानाने आपल्या शुभवर्तमानात पुढे खवचटपणे लिहून ठेवलंय की याला गरिबांचं काही पडलेलं नव्हतं, तो चोर होता. पण ते योहानाने नंतर लिहिलं, त्या दिवशी जेवायला बसलेल्यांना मुद्दा पटलाच असणार. तेव्हा कुठलाही फंड काढताना गरीब, अनाथ, विधवा हे तीन शब्द आधी टाका, नंतर फंडाचं नाव बदलता येतं.

कुणी हिशोब मागितला तर? मागणारच, प्रत्येक मंडळीत एखादा रिटायर्ड अकाउंटंट असतोच. त्याला शांतपणे विचारा, ‘भाऊ, तुमचा देवाच्या सेवकावर विश्वास नाही का?’ नव्वद टक्के प्रकरणं इथेच मिटतात, कारण भाऊ घरी जातो आणि उरलेलं काम त्याची बायको करते की कशाला पुढे पुढे करता म्हणून. हा उपाय पौलाला सुचला नाही याचंच मला नवल वाटतं. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी पोचवायची होती तर हा माणूस, ज्याला दमिष्काच्या वाटेवर साक्षात प्रभू भेटला, तो म्हणतो की मंडळ्यांनी निवडलेला बंधू माझ्यासोबत येऊ दे, म्हणजे एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी बोट दाखवायला नको, आणि देवासमोरच नाही तर माणसांसमोरही सगळं नीट दिसलं पाहिजे (२ करिंथ ८). स्वतःहून साक्षीदार मागितला! तुम्ही असं करू नका, लोकांना सवय लागते.

तशीच दुसरी डोकेदुखी म्हणजे जुन्या करारातला २ राजे १२ हा अध्याय. योवाश राजाच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजक पैसे घेत राहिले आणि मंदिराची डागडुजी काही झाली नाही. तेवीस वर्षं! बिल्डिंग फंडाचा याहून जुना दाखला मला तरी माहीत नाही. पुढे यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि वेदीजवळ ठेवली, आणि पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून पैसे मोजायचे. दोघं. एकटा कुणीच नाही. दानपेटी आणि दोन सह्या हा काही आजकालच्या शंकेखोर लोकांचा शोध नाही हे यावरून कळतं, म्हणून हा अध्याय वाचायचाच नाही.

पण थांबा, याच अध्यायात एक सोनं पण आहे. पंधरावं वचन, की ज्यांच्या हाती पैसे दिले त्यांच्याकडून हिशोब मागत नसत कारण ते प्रामाणिकपणे वागत. वा! हे फ्रेम करून ऑफिसात लावा. ते याजकांबद्दल नाही, कामावर देखरेख ठेवणाऱ्या आणि सुतार-गवंड्यांची मजुरी चुकती करणाऱ्या माणसांबद्दल आहे, आणि याजकांचा विषय निघाला तेव्हाच पेटीला झाकण बसलं, हे फ्रेममध्ये मावत नाही.

आता घरच्यांचं बघू. पौलाचा तरुण साथीदार तीमथ्य, त्याला लिहिलंय की मंडळीचा अध्यक्ष आपलं घर नीट चालवणारा असावा (१ तीमथ्य ३). याचा सोयीचा अर्थ असा की घर मंडळीतूनच चालवावं. मुलगा म्युझिकला, सून संडेस्कूलला, मेहुणा बांधकामाला, जावई परदेशातल्या देणगीदारांच्या ईमेलला. जुन्या करारातल्या एली याजकाच्या मुलांनी, हफनी आणि फिनहासने, हे फार उघड उघड केलं, लोक अर्पणाचं मांस शिजवत असताना तीन दातांचा काटा भांड्यात घालायचा आणि जे वर येईल ते आपलं, आणि कुणी थांबा म्हटलं तर जबरदस्तीने घेऊ अशी धमकी. फारच गावठी पद्धत. आता काटा लागत नाही, ‘मानधन’ नावाची ओळ पुरते.

शमुवेल संदेष्ट्याचं मात्र अनुकरण करू नका. म्हातारपणी सगळ्या लोकांसमोर उभा राहून विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाकडून लाच घेतली, सांगा. तुम्ही माइकवर असं विचारलंत आणि मागच्या बाकावरून एखादा हात वर झाला तर? (शमुवेलाची स्वतःची पोरंही लाचखाऊ निघाली होती, ते वेगळं. पण त्याला विचारायचं धाडस तरी होतं.) नहेम्या तर त्याहून वाईट, बारा वर्षं यहूदाचा राज्यपाल, आणि राज्यपालाचा भत्ता घेतला नाही, उलट दीडशे माणसं त्याच्याच पंक्तीला जेवायची. असल्या लोकांमुळे बाकीच्यांचे भत्ते डोळ्यात येतात.

नम्रता हवीच. वर्षातून एकदा पाय धुवायचा कार्यक्रम ठेवा, ज्यांचे पाय धुवायचे त्यांना घरून धुवून यायला सांगा, आणि फोटोग्राफर डाव्या बाजूला. ज्या रात्री येशूने पाय धुतले त्याच रात्री शिष्य आपल्यात मोठा कोण यावरून वाद घालत होते असं लूक सांगतो, त्यामुळे कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवरून भांडण झालंच तर ते पूर्णपणे वचनाला धरून आहे. दियत्रफेस माहितीये का? योहानाच्या तिसऱ्या पत्रात आहे, एवढंसं पत्र, त्याला सगळ्यांत पुढे असायला आवडायचं, आलेल्या बंधूंना दारात उभं करायचा नाही आणि जे करतील त्यांना मंडळीबाहेर काढायचा. त्याची स्वतःची बाजू कुणीच लिहून ठेवली नाही, तुम्ही निदान मंथली बुलेटिन काढा.

नावाच्या पाटीचंही आत्ताच बघून ठेवा. यशया २२ मध्ये शेबना नावाचा राजवाड्याचा कारभारी आहे, हो, कारभारीच, त्याने स्वतःसाठी उंचावर खडकात थडगं खोदायला घेतलं होतं. तुझा इथे काय संबंध असं देवाने त्याला विचारलं, आणि चेंडूसारखा गुंडाळून मोकळ्या मैदानात भिरकावून देईन म्हणाला, आणि किल्ली एल्याकीमाला. तेव्हा पाटी लावाच, फक्त स्क्रूवाली लावा, काढायला सोपी जाते.

आणि एवढं करूनही प्रकरण अंगाशी आलंच तर लूक १६ आहे. तिथल्या दाखल्यातल्या कारभाऱ्याला मालकाने हिशोब दे, तुला काढतोय म्हटल्यावर त्याने मालकाच्या देणेकऱ्यांना बोलावून तेलाच्या शंभर मापांची पन्नास लिहायला लावली, गव्हाच्या शंभर मापांची ऐंशी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. मालकाने त्याचं कौतुक केलं हे खरं, पण कामावरून काढायचं रद्द केलं असं कुठे लिहिलेलं मला दिसलं नाही, तुम्हाला दिसलं तर सांगा.

तोवर तुम्ही आरामात राहा. कुणी वही मागितली तर खजिनदार बाहेरगावी गेलाय म्हणा. लूक १२ मधला चाकरही तेच म्हणाला होता ना, माझा धनी यायला उशीर लावतोय, आणि मग तो इतर चाकरांना मारायला आणि खायला-प्यायला लागला. पुढच्या दोन ओळी आहेत, त्यात तो धनी कुठल्या दिवशी येतो ते दिलंय. म्हणजे दिवस दिलेला नाही, त्या चाकराला माहीत नसलेला दिवस असं दिलंय. तो उतारा यंदाच्या वाचनात नको, पुढच्या वर्षी बघू.