रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतणं बंद करा!

"पाणी ते पाणीच, दादा. त्यात काय बघायचं?" गॅरेजवाल्याचं हे वाक्य आठवलं की अजून डोकं सणकतं.

मे महिन्यात रत्नागिरीहून निघालो. आंबा घाट चढताना काटा लाल रेघेवर, बोनेटमधून वाफ. मागे आई आणि चार वर्षांची लेक. दीड तास रस्त्याच्या कडेला उभे होतो, मग गाडी टो करून कोल्हापूरला. तिथल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, काढून माझ्या हातात दिला. गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर! नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. झडप अर्धी उघडून तिथेच अडकलेली. हिरवं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, भरलेल्या गाडीतून गंजाचं तांबूस पाणी निघालं.

कारण काय, तर दोन वर्षं होजच्या क्लिपमधून बारीक गळती होती. गॅरेजवाल्याने ती शोधायचे कष्ट घ्यायचे नाहीत, दर वेळी नळी लावायची आणि टाकीतलं बोअरचं पाणी ओतायचं! अरे, त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की ते सुटतात आणि इंजिनात जिथे सगळ्यात जास्त उष्णता असते, नेमके तिथेच चिकटतात. उष्णता बाहेर यायची कुठून? त्यात क्लोराइड असेल तर ते ॲल्युमिनियम खातं, ते वेगळंच.

आणि सल्ले तरी किती! एक म्हणतो बाटलीबंद पाणी घाल. अहो, त्यातही क्षार असतातच. दुसरा म्हणतो उकळून घाल. उकळून सगळे क्षार जात नाहीत! पाण्याचा जडपणा घालवणाऱ्या सॉफ्टनरच्या पाण्यातला कॅल्शियम गेला तरी त्या जागी सोडियम येतो. पेट्रोलपंपावर बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड, कॅनमध्ये सरळ मिळतं. तेच घ्यायचं. तेही नुसतं नाही, गंज रोखायचं औषध कूलंटमध्येच असतं. कॉन्सन्ट्रेट असेल तर सहसा निम्मं-निम्मं, तयार मिसळलेलं असेल तर त्यात थेंबभरही पाणी नको. कंपनीच्या पुस्तकात कोणतं कूलंट चालतं ते लिहिलेलं असतं.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" हेही ऐकून घेतलंय मी. बर्फाचा प्रश्नच नाही! कूलंटने उकळबिंदूही वर जातो, घाटात तोच लागतो.

रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, सगळं माझ्या खिशातून गेलं. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणे, "गाडी जुनी झाली हो." सहा वर्षांची गाडी आहे! जुनं झालंय ते तुमच्या टाकीतलं पाणी ओतायचं खूळ.