पस्तीस आवर्तनं

"जागा वाढली ना पण?"

माझा अख्खा डी ड्राइव्ह पुसून झाल्यावर लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने मला ऐकवलेलं हे वाक्य. लॅपटॉप त्याच्याकडे दिला होता तो झाकणाची हिंज तुटली म्हणून. हिंज त्याने उत्तम बसवली, त्याबद्दल तक्रार नाही. पण मशीन त्याला 'जरा स्लो वाटलं', म्हणून त्याने आपण होऊन 'नवीन विंडोज मारून दिली'. त्याचे वेगळे पैसेही लावले नाहीत. विंडोज मारता मारता सी आणि डी एक करून टाकले. डीमध्ये माझे कित्येक वर्षांचे फोटो होते, घराच्या इंडेक्स टूचा स्कॅन होता आणि पुतण्याच्या मुंजीचे सगळे फोटो होते. हे सांगितल्यावर त्याने शांतपणे पावती उलटी करून दाखवली. मागे, भिंग घेऊन वाचावं अशा टायपात, 'डेटाची जबाबदारी ग्राहकाची' असं छापलेलं. आणि वर ते वाक्य. वाढलीच होती हो जागा. मी कुठे नाही म्हणतोय?

माझा संताप अजून उतरलेला नाही, पण तो बाजूला राहू दे. सांगायचंय ते पुढचं.

डेटा परत काढून देणारं एक दुकान बुधवार पेठेत, तपकीर गल्लीजवळ असल्याचं कळलं. गाडी मंडईजवळच्या पार्किंगमध्ये लावून चालत गेलो. दुकान एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. जिना इतका अरुंद, की वर चढणाऱ्याने आधी "येतोय होऽऽ" अशी आरोळी ठोकायची आणि वरून उत्तर आलं नाही तरच पाऊल टाकायचं. वर एक विशीतला मुलगा स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला, "एचडीडी का एसएसडी?"

"साधी. जुनी. फिरणारी."

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "नशीब काढलंत सर."

एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी, नव्या पद्धतीची वेगवान चिपवाली डिस्क असती, तर फॉरमॅट करतानाच विंडोजने तिला ट्रिमची, म्हणजे 'ही जागा आता रिकामी समज' अशी, आज्ञा सोडली असती, तिने ते सगळे कप्पे आतल्या आत मोकळे करायला घेतले असते आणि नंतर वाचायला गेलं की हाताला नुसती शून्यं लागली असती. माझा लॅपटॉप चालू होईपर्यंत ऑफिसमधली पोरं खाली जाऊन चहा पिऊन येत. माझ्या त्या चिकटपणाचं कौतुक करणारा हा जगातला पहिला माणूस.

"डिलीट केलं, फॉरमॅट मारलं, म्हणजे फाइल जात नाही सर," तो म्हणाला. "ती कुठे ठेवलीय त्याची नोंद जाते. नवीन विंडोजने जेवढ्या जागेवर लिहिलं तेवढं मेलं. बाकीचं तिथंच बसलंय." आधी तो डिस्कची सेक्टर न सेक्टर उतरवून इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढणार, मग मूळ डिस्कला हात न लावता त्या इमेजमध्ये शोधणार. हे ऐकून बरं वाटलं. हात न लावण्याचं महत्त्व कळणारा माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटत होता. डिस्क ठेवून मी घरी आलो.

फोन आला, "प्रिव्ह्यूला या." गेलो. आणि तिथे एक काका होते.

दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर ते बसलेले. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पायाशी जुन्या चादरीत गाठोडं करून बांधलेला सीपीयू. बोलताना त्यांचा एक हात सतत त्या गाठीवर. शेजारी पेनड्राइव्ह मुठीत धरून एक शिक्षिकाबाई उभ्या.

"पस्तीस वेळा पुसायची," काका मुलाला सांगत होते, "आणि तसं लेटरहेडवर लिहून द्यायचं."

"काका, एकदा शून्य मारले की पुरतं."

"कोण म्हणतं?"

"अमेरिकेच्या एनआयएसटीची, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची, गाइडलाइन आहे, २०१४ची. मॅग्नेटिक डिस्कला एकदा ओव्हरराइट केलं तरी लॅबमध्येसुद्धा सहसा काही निघत नाही."

"अमेरिकेचं मला सांगू नकोस." काकांनी खिशातून चार घड्यांचा एक प्रिंटआउट काढला. "पीटर गटमन. न्यूझीलंड. १९९६. पस्तीस." मग मुलाचा चेहरा पाहून जरा समजावणीच्या सुरात, "हे बघ बाळा, गणपतीत आमच्याकडे अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं होतात. एकदाच म्हणून उरलेली वीस झाली असं धरता येतं का?"

इथे मी मध्ये पडलो. पडायला नको होतं, पण या विषयावर रात्र रात्र वाचून माझं डोकं भरलेलं होतं. म्हटलं, काका, त्या काळी डिस्कवर माहिती लिहिण्याच्या पद्धती निरनिराळ्या होत्या. आपल्या हातातली डिस्क कुठल्या पद्धतीची हे माहीत नसेल तर सगळ्यांना लागू पडेल, म्हणून या गटमनने आपल्या शोधनिबंधात पस्तीस फेऱ्यांची यादी दिली. एका डिस्कला सगळ्या पस्तीस लागतच नाहीत. पुढे त्यानेच तक्रार केली, की लोक या पस्तीसकडे भुतं पळवायचा मंत्र असल्यासारखं बघतात.

"म्हणजे माणूस आपल्या शब्दावरून फिरला," काका म्हणाले. "अशा वेळी मूळ शब्द धरायचा."

याला उत्तर नव्हतं. मुलाने सांगितलं की चाळीस जीबीची जुनी डिस्क, पस्तीस फेऱ्या म्हणजे पूर्ण रात्र मशीन अडकणार. काका म्हणाले, अडकू दे, तिला कुठे पहाटेची गाडी पकडायचीय.

एवढं काय होतं त्या डिस्कमध्ये? हळूहळू कळलं. काका बरीच वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. आता नवी कमिटी आली होती आणि तिने कॉम्प्युटर परत मागितला होता. "कॉम्प्युटर सोसायटीचा आहे, मान्य. पण त्यातला पत्रव्यवहार माझा आहे." कुणी मेंटेनन्स कधी थकवला, कुणाच्या पाहुण्याची गाडी कुणाच्या जागेत किती वाजेपर्यंत होती, लिफ्टवरून कोण कुणाला काय बोललं, अशा सगळ्याच्या तारीखवार नोंदी. "अमेरिकेत एमआयटीच्या दोघांनी १५८ जुन्या डिस्का विकत घेतल्या होत्या," काका आता बाईंकडे वळले. (अमेरिका पुन्हा विश्वासार्ह झाली होती.) "चालू निघाल्या १२९. त्यातल्या नीट पुसलेल्या किती, सांगा. बारा! बाकीच्यांत लोकांचे क्रेडिट कार्डाचे नंबर, आजारपणाची पत्रं."

"एमआयटी म्हणजे आपली पौड रोडची?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. मूळची."

तेवढ्यात मुलाने माझं नाव पुकारलं आणि भिंतीवरचा टीव्ही लावला. या दुकानाचा एक नियम आहे. ग्राहकाच्या फायली मागच्या खोलीत चोरून बघितल्या असा आरोप होऊ नये, म्हणून प्रिव्ह्यू भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर, ग्राहकासमोर. पारदर्शकता. ग्राहकासमोर म्हणजे त्या वेळी जे जे ग्राहक हजर असतील त्या सगळ्यांसमोर, हे मला तिथे कळलं.

आता हे सॉफ्टवेअर काय करतं, तर नोंदी गेल्यामुळे ते नाव-गाव बघत नाही. डिस्कवरून सरळ चालत जातं, फाइलच्या सुरुवातीची ठरावीक खूण दिसली की ही जेपीजी, ही पीडीएफ, असं ओळखून उचलतं. त्यामुळे सगळं बिननावाचं येतं, 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा. क्रम नाही, फोल्डर नाही. आणि मुख्य म्हणजे निवड नाही. जे जपून ठेवलं होतं ते आणि जे टाकून दिलं होतं ते, दोन्ही एकाच मानाने वर येतं.

पहिल्या पानावर माझा एकही फोटो नव्हता. गुडघ्याचा पट्टा, सोफासेट, जोडे, पुन्हा गुडघ्याचा पट्टा, आणि पोहण्याच्या पोशाखातल्या एक बाई.

"ह्या कोण?" काका.

"जाहिरात आहे. आपण वेबपान उघडलं की ब्राउझर चित्रं आपोआप साठवून ठेवतो. कॅश म्हणतात त्याला."

"कॅश."

"हो."

"पानं तुम्ही उघडलीत."

"बातम्यांची! बातम्यांच्या कडेला असतात त्या."

"माझ्या डिस्कवर नाहीत अशा."

"तुमचं गाठोडं अजून सुटलंय कुठे?"

काकांचा हात गाठीवर घट्ट झाला. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. दुसरं पान आलं. यात मीच होतो, पण वरून. केस विरळ होतायत का हे बघायला मी अधूनमधून डोक्यावर मोबाइल धरून टाळूचा फोटो काढत असे आणि लॅपटॉपवर बघून लगेच डिलीट करत असे. ते सगळे, काळ पुढे सरकताना, टीव्हीवर ओळीने. काकांनी टीव्हीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा टीव्हीकडे.

"उपयोग झालेला दिसत नाही," ते म्हणाले.

मी आतून इतका उकळत होतो, की नासाचं कोलंबिया यान आठवलं. २००३ साली ते पृथ्वीवर परतताना फुटलं, त्यातली एक हार्ड डिस्क आभाळातून पडली, जळून काळी झाली, कोरड्या तळ्याच्या पात्रात कित्येक महिने पडून राहिली. तिच्यावरचा ९९ टक्के डेटा परत मिळाला आणि त्यातल्या प्रयोगाचं संशोधन २००८ साली छापून आलं. माझी डिस्क टेबलावरून पडलीसुद्धा नव्हती. ती एका माणसाच्या हातात होती, आणि त्याला एक फोन करून "साहेब, डीमध्ये काही आहे का?" एवढं विचारायचं होतं. विचारत नाहीत. या धंद्यात कुणीच विचारत नाही. चपला शिवणारासुद्धा "टाच बदलू का?" असं विचारतो. इथे बॅटरी बदलायला द्या, विंडोज मारून मिळते. स्पीकर दाखवायला न्या, विंडोज मारून मिळते. देशात वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण तो या लोकांच्या टेबलापर्यंत कधी पोचणार? आणि त्या फुकटच्या विंडोजपायी मी आता इथे जो आकडा मोजणार होतो, त्यात ऑफिसमधल्या पोरांच्या लाडक्या एसएसड्या दोन-तीन आल्या असत्या. यात विनोद काही नाही.

मुंजीचे फोटो आले एकदाचे. आले ते असे, की बटूचं मुंडण केलेलं डोकं स्वच्छ आणि नाकाखाली सगळा करडा पट्टा. फाइलच्या तेवढ्या भागावर नवीन विंडोज येऊन बसली होती. मातृभोजनाचा तर घासच गेला. उलट डोळे मिटलेले, मान वळवलेले, कुणाची तरी पाठ मधे आलेले, असे मी त्याच रात्री निवडून काढून टाकलेले फोटो एकूण एक धडधाकट.

"कार्यालय एरंडवण्याचं ना?" काका. "जेवण कसं असतं हो त्यांचं?"

"अळूची भाजी चांगली असते," बाई खिडकीतून परत आल्या. "जिलबी मात्र गार."

"मागे घे," काका एकदम ओरडले. "मागे घे बाळा! तो पंगतीचा. मोठा कर." कोपऱ्यात एक गृहस्थ मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावून बसले होते. आमच्या वहिनींच्या माहेरकडचे कुणीतरी असावेत. "हे आमच्या बी विंगचे! आताचे चेअरमन! कधीचा आहे हा?"

"नाव गेलंय काका, पण तारीख फोटोच्या आतच असते," असं म्हणून त्या मुलाने, मला न विचारता, तारीख वाचून दाखवली. मे महिन्यातला रविवार.

काका स्टुलावरून उठले. "त्या दिवशी लिफ्टची विशेष सभा होती. यांनी कळवलं होतं, ताप आहे. लेखी कळवलं होतं! ते पत्र आहे माझ्याकडे." आणि गाठोड्यावर थाप मारली. मग आवाज मऊ करून मला म्हणाले, "एवढी एक प्रत द्या मला."

मी नाही म्हटलं. घरचा फोटो आहे, नातेवाइकांचा प्रश्न आहे, वगैरे. काकांनी मान डोलावली आणि गाठोडं हळूच पायाने स्टुलाखाली सरकवलं. मुलाला म्हणाले, "माझं राहू दे सध्या. त्या पत्राची आधी प्रिंट काढू."

मी पैसे मोजले. वाचलेला डेटा भरलेली नवीन डिस्क ताब्यात घेतली. निघताना सहज विचारलं, "माझ्या डेटाची तुमच्याकडची कॉपी?"

"महिनाभर ठेवतो सर, कुणाला परत लागली तर. मग डिलीट करतो."

"डिलीट म्हणजे कसं?"

तो गप्प राहिला. डिलीट म्हणजे कसं ते त्यानेच मला शिकवलं होतं. शेवटी म्हणाला, नीट पुसून हवं असेल तर मशीनचा वेळ जातो, त्याचा चार्ज वेगळा. म्हटलं, लाव चार्ज, पण आत्ताच्या आत्ता पूस. पस्तीस वेळा पूस.

"पस्तीस कशाला?" काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत ना, एकदा पुरतं म्हणून? आणि एवढी घाई काय आहे? रविवारी आमची सभा आहे. सोमवारी पुसू दे त्याला."