पियानो, भरतकाम आणि ग्रीकसुद्धा
लेख आवडला, पण 'त्या काळच्या खानदानी इंग्रज मुली पियानो आणि भरतकामापलीकडे काही शिकत नसत' हे सरसकट विधान काही पटलं नाही. इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेटचंच (लग्नानंतरची ब्राउनिंग) बालपण बघा ना. जन्म १८०६चा, वाढली हेरफर्डशायरमधल्या होप एंडला. वडिलांनी बांधलेलं घर तुर्की थाटाचं, वर मिनार! दारात मोझेस नावाचं तट्टू. आणि बागेत या बाईसाहेबांनी चक्क हेक्टरच्या आकाराचा फुलांचा वाफा केलेला, म्हणजे होमरच्या ग्रीक महाकाव्यातला ट्रॉयचा वीर आडवा पडलाय आणि अंगावर फुलं. मला तर हे वाचून फार गंमत वाटली होती. धाकट्या भावाला शिकवायला येणाऱ्या मास्तरांकडे तीही ग्रीक शिकली. १८२० मध्ये प्राचीन ग्रीसमधल्या मॅरेथॉनच्या लढाईवरचं तिचं काव्य वडिलांनी छापून घेतलं, ५० प्रती. त्याच वर्षी भाऊ चार्टरहाऊस शाळेत गेला, ही मात्र घरीच. पुढच्या वर्षी आजारपण सुरू झालं.

एक खटकलं. हा सगळा डामडौल जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर, म्हणजे गुलामांच्या घामावर उभा होता. लेखात त्यावर निदान एक ओळ तरी हवी होती.