जुलै १९५६ आणि न उच्चारलेलं सुएझ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

युद्धोत्तर ब्रिटनचं राजकारण आणि तिथलं साहित्य यांविषयीच्या माझ्या लेखावर तुम्ही रोखठोक लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चांगली कलाकृती स्वतःच्या बळावर उभी असते. काझुओ इशिगुरोची ‘द रिमेन्स ऑफ द डे’ वाचली तेव्हा क्लेमंट ॲटली (युद्धानंतरचे मजूर पक्षाचे पंतप्रधान) कोण हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून काही अडलं नाही. मी मात्र निवडणुका, कायदे आणि मंत्री यांची जंत्री मांडून कथा-नाटकांची वर्तमानपत्री कात्रणं करून टाकली, तीही मजूर पक्षाकडे झुकून. आणि मराठी वाचकाला त्या परक्या संसदेचं काय देणंघेणं, असं तुम्ही शेवटी विचारलंय.

तुम्ही नाव घेतलेल्या कादंबरीपासूनच सुरुवात करते. तिच्या आरंभीच स्थळकाळ छापलेला आहे : जुलै १९५६, डार्लिंग्टन हॉल. स्टीव्हन्स हा उतारवयातला बटलर मालकाची मोटार घेऊन काही दिवसांच्या प्रवासाला निघतो. आताचा मालक अमेरिकन आहे. आधीचे लॉर्ड डार्लिंग्टन नाझी जर्मनीशी केलेल्या सलगीपायी बदनाम होऊन गेले. कादंबरीबाहेर, त्याच जुलैच्या २६ तारखेला, इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. पुढे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी संगनमतानं हल्ला केला. अमेरिकेनं पौंडाची कोंडी केली, नोव्हेंबरात ब्रिटनला लढाई थांबवावी लागली आणि जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधान अँथनी ईडन पायउतार झाले. अमेरिकेच्या मर्जीशिवाय आपल्याला आता युद्धही करता येत नाही, हे ब्रिटनला त्या वर्षी सगळ्या जगासमोर कळून चुकलं.

कादंबरीत सुएझचं नाव एकदाही येत नाही.

कल्पना करा, एखाद्या मराठी कादंबरीच्या पहिल्या पानावर ‘जून १९७५’ असं छापलंय आणि आत आणीबाणीचा अवाक्षरानंही उल्लेख नाही. तुम्ही ती कशी वाचाल? प्रत्येक शांत प्रसंगात तुमचे कान टवकारलेले असतील. पात्रांना जे अजून कळलेलं नाही ते तुम्हाला कळलेलं असेल, आणि त्या अंतरातच कादंबरीचा निम्मा ताण असेल. १९८९ साली इशिगुरोची कादंबरी हातात घेणाऱ्या जाणत्या ब्रिटिश वाचकाकडे हे आयतं होतं. त्याला कुणी सांगावं लागलं नाही, म्हणून लेखकानंही सांगितलं नाही. आपल्याला मात्र ते बाहेरून आणावं लागतं. मी इतिहास सांगते तो एवढ्याचसाठी.

आता डेव्हनमधल्या त्या खेड्यातला प्रसंग पुन्हा काढून बघा. गाडीतलं पेट्रोल संपल्यामुळे स्टीव्हन्स एका घरी मुक्काम करतो आणि गावकरी त्याला बडी असामी समजतात. हॅरी स्मिथ नावाचा गावकरी तावातावानं म्हणतो, की प्रतिष्ठा ही काही बड्या लोकांचीच मालमत्ता नाही, त्यासाठीच तर आपण हिटलरशी लढलो. हाच हॅरी स्मिथ छोट्या छोट्या देशांनी स्वतंत्र व्हावं या मताच्या मात्र विरोधात आहे. ते मत आहे डॉक्टर कार्लाइलचं. हा डॉक्टर सांगतो, की १९४९ साली या भागात आलो तेव्हा मी पक्का समाजवादी होतो. ॲटली सरकारातले आरोग्यमंत्री ॲन्युरिन बेव्हन यांची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली होती, म्हणजे डॉक्टर आला तेव्हा ती जेमतेम वर्षाची होती. एका तरुण डॉक्टरच्या आयुष्यात ती तारीख काय घेऊन आली असेल, आणि सात वर्षांनी त्याच्या बोलण्यात एवढा थकवा का आहे? इशिगुरो हे उलगडून सांगत नाही. साल तेवढं टाकतो आणि पुढे जातो.

स्टीव्हन्सचं त्याच घरातल्या हाउसकीपर मिस केंटनवरचं अबोल प्रेम इतिहासाशिवायही कळतं, यात शंकाच नाही. पण तो केवळ प्रेमात वेळ दवडलेला माणूस नाही. मोठ्या घराची चाकरी म्हणजे जगाच्या भल्यात आपला वाटा, अशी समजूत उराशी धरून त्यानं आयुष्य काढलं, आणि ते घर चुकीच्या बाजूला होतं. ही समजूत त्याच्या एकट्याची नव्हती, एका सबंध देशाची होती. ती तुटण्याच्या महिन्यातच त्याला प्रवासाला पाठवण्यात लेखकाची जी नजर आहे, ती तारखेशिवाय दिसत नाही. तुम्हाला भिडलेली कादंबरी मी लहान करत नाहीये. तिच्यात तुम्ही पाहिलंत त्याहून जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे.

कात्रणांचा आक्षेप मला खरोखर लागला, कारण ती पद्धत मलाही नकोशी वाटते. आधी राजकीय घटना, मग तिचं साहित्यात पडलेलं प्रतिबिंब, असं गणित मांडायचं म्हटलं तर १९५६ हे सालच ते उधळून लावतं. सुएझच्या मानहानीतून संतप्त तरुणांची पिढी जन्मली, असं पुष्कळदा सहज म्हटलं जातं. पण जॉन ऑस्बर्न यांचं ‘लुक बॅक इन अँगर’ लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये रंगमंचावर आलं ८ मे रोजी, नासर यांच्या घोषणेच्या अडीच महिने आधी. या नाटकाचा नायक जिमी पोर्टर याचा संताप सुएझनं दिलेला नाही. तो विद्यापीठात शिकलाय आणि मिठाईचा गाळा चालवतोय. शिक्षणाची दारं उघडली, पुढच्या खोलीत मात्र जागा नव्हती, त्यातून तो राग आलाय. सरकारला कळायच्या आधी रंगभूमीला काहीतरी कळलं होतं, एवढंच त्या तारखा सांगतात.

त्याच नाटकातले कर्नल रेडफर्न, जिमीचे सासरे, मराठी वाचकानं जरा निरखून पाहावेत. ते १९१४ साली इंग्लंड सोडून हिंदुस्थानात आले आणि १९४७ साली परतले. मधली सगळी वर्षं त्यांची इथल्या फौजेत गेली. परतले तो देश त्यांना ओळखू येत नाही. जिमी त्यांची टिंगल करतो आणि तरी त्यांच्याविषयी त्याच्या मनात एक हळवा कोपरा आहे, कारण या माणसाकडे निदान हरवण्यासारखं काहीतरी होतं. आपल्याकडे १९४७ ची गोष्ट स्टेशनातून सुटलेल्या गाडीपाशी संपते. ती गाडी जिथे पोचली तिथलं हे नाटक आहे.

मजूर पक्षाच्या तरफदारीबद्दल. १९४५ च्या निवडणुकीत त्या पक्षाला ३९३ जागा मिळाल्या आणि युद्ध जिंकून देणारे चर्चिल हरले, हे मी विस्तारानं लिहिलं होतं, कारण त्याशिवाय पुढचं काही समजत नाही. पण साहित्याच्या दृष्टीनं मला सर्वांत मोठा वाटणारा कायदा, १९४४ चा शिक्षण कायदा, युद्धकाळातल्या संयुक्त सरकारचा आहे आणि तो आणणारे रॅब बटलर हुजूर पक्षाचे होते. या कायद्यानं माध्यमिक शिक्षण मोफत झालं. त्याच्या अंमलात अकराव्या वर्षी एक परीक्षा मुलांचं भवितव्य ठरवू लागली. साधारण चार-पाच मुलांमागे एक ग्रामर शाळेत, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेला. बाकीचे बहुतेक सेकंडरी मॉडर्नमध्ये, म्हणजे लवकरच कामाला. ॲटली सरकारनंही ही विभागणी तशीच चालू ठेवली.

टोनी हॅरिसन हा लीड्सच्या एका बेकरी कामगाराचा मुलगा, १९३७ चा जन्म. तो शिष्यवृत्तीवर लीड्स ग्रामर स्कूलमध्ये गेला, अभिजात भाषा शिकला, कवी झाला. त्याची ‘बुक एन्ड्स’ ही कविता आई गेली त्या दिवसाची आहे. बाप आणि लेक शेगडीपाशी गप्प बसलेत. दोघं सारख्याच स्वभावाचे. दोघांमध्ये आड येतं ते वयाचं अंतर नव्हे, तर पुस्तकं, असं कवितेच्या शेवटी येतं. त्या कवितेत ना बटलर आहेत ना कायदा. पण तो कायदा त्या दोघांच्या मध्ये, त्या खोलीत बसलेला आहे. मुलाला शिकवलं की तो बापापासून दुरावतो, हे दुःख एका घरातलं न राहता हजारो घरांत एकाच दशकात शिरलं, त्याला एक तारीख आहे. ती कळल्यावर कविता कोरडी होते असं तुम्हाला वाटतं का? माझ्या बाबतीत उलट घडलं.

हीच गोष्ट उत्तर आयर्लंडमध्ये. तिथला शिक्षण कायदा १९४७ चा. शेतकऱ्याचा मुलगा, पुढे कवी झालेला शेमस हीनी त्याच्या आधारानं डेरीच्या सेंट कोलम्ब्स कॉलेजात पोचला. शिकलेल्या कॅथलिक तरुणांची ही पिढी साठच्या दशकाअखेर नागरी हक्कांसाठी रस्त्यावर उतरली, आणि त्यानंतरचा रक्तपात हीनीच्या कवितेत आहे. कायदा करणाऱ्यांना यातलं काही अपेक्षित नसणार.

आणखी एक उदाहरण देते, कारण ते मला फार आवडतं आणि त्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. १९४८ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानं नगरपालिकांना करमणुकीवर पौंडामागे ६ पेन्सपर्यंत कराचा पैसा खर्चायची मुभा दिली. बाँबहल्ल्यात बेचिराख झालेल्या कॉव्हेंट्री शहरानं नगरपालिकेचं बेलग्रेड थिएटर बांधलं, ते १९५८ साली उघडलं. आर्नल्ड वेस्कर यांचं ‘चिकन सूप विथ बार्ली’ पहिल्यांदा तिथेच झालं. लंडनच्या ईस्ट एंडमधलं एक ज्यू कम्युनिस्ट कुटुंब, १९३६ सालच्या फॅसिस्टविरोधी लढ्यापासून १९५६ मध्ये हंगेरीत शिरलेल्या सोव्हिएत रणगाड्यांपर्यंत. वीस वर्षांत एका घराची श्रद्धा कशी झिजते त्याचं हे नाटक आहे. डाव्यांच्या स्वप्नभंगाचं नाटक नगरपालिकेच्या नाट्यगृहात उभं राहिलं. याला तरफदारी म्हणायचं तर कुणाची?

मजूर सरकारांची लाजिरवाणी बाजूही आहे. १९४८ च्या नागरिकत्व कायद्यानं वसाहतींतल्या लोकांना ब्रिटनचे नागरिक म्हणून येऊन राहता येत होतं. भारतीय वंशाचा त्रिनिदादी लेखक सॅम सेल्वन १९५० मध्ये तसाच आला आणि १९५६ मध्ये त्यानं ‘द लोनली लंडनर्स’ लिहिली, बेटावरच्या बोलीत. ते दार हुजूर पक्षानं १९६२ मध्ये अर्धं लोटलं. केनियातून येणाऱ्या आशियाई लोकांसाठी १९६८ मध्ये ते घाईघाईनं लावून घेतलं ते हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर सरकारनं. गुजराती, पंजाबी, गोवेकर अशी कितीतरी कुटुंबं त्या कचाट्यात सापडली.

हुजूर पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्याबद्दल मी कडक लिहिलं, ते मागे घेत नाही. १९८४-८५ च्या खाण कामगारांच्या संपानंतर सबंध गावं उजाड झाली आणि त्याबद्दल हळहळ न वाटणं मला जमत नाही. पण त्या काळातली मला सर्वांत मोलाची वाटणारी कविता, हॅरिसनचीच ‘व्ही.’, ही प्रचारकविता नाही. लीड्सच्या दफनभूमीत आईबापांच्या थडग्यावर कुणीतरी रंगानं शिव्या फवारल्यात. कवी त्या बेकार पोराशी मनातल्या मनात भांडतो, आणि शेवटी तो पोरगा सही करतो ती कवीच्याच नावानं. अकराव्या वर्षीची परीक्षा पास झाला नसता तर कवीही हाच पोरगा झाला असता. १९८७ मध्ये चॅनल फोरनं ही कविता दाखवायची ठरवल्यावर खासदारांनी गदारोळ केला तो शिव्यांवरून.

उजवीकडचं उदाहरण हवं असेल तर कवी फिलिप लार्किन घ्या. तो थॅचर यांचा चाहता होता. त्याची ‘होमेज टू अ गव्हर्नमेंट’ अठरा ओळींची आहे. पैसे नाहीत म्हणून सैनिकांना घरी आणायचंय आणि ते ठीकच आहे, असं ती सपाट सुरात पुन्हा पुन्हा म्हणते. कुठले सैनिक, कुठून, काही नाही. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं आणि जानेवारी १९६८ मध्ये विल्सन यांनी सुएझच्या पूर्वेकडचे लष्करी तळ १९७१ अखेर गुंडाळायचं जाहीर केलं, एवढं ठाऊक असेल तर त्या ‘ठीक आहे’मधला विषाद ऐकू येतो. नाहीतर ती शांततावादी कविता वाटू शकते, म्हणजे नेमकी उलटी. तिचं राजकारण मला पटत नाही. कविता म्हणून ती मला जवळची आहे.

राहिला मराठी वाचकाचा प्रश्न. १९५९ मध्ये ब्रिटिश संसदेनं अश्लीलतेचा कायदा बदलला : यापुढे पुस्तक सबंध वाचून ठरवायचं, आणि साहित्यमूल्य हा बचाव ग्राह्य धरायचा. त्यामुळे नोव्हेंबर १९६० मध्ये लंडनच्या ज्यूरीनं डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी छापणाऱ्या पेंग्विनला निर्दोष सोडलं. त्याच पुस्तकाची प्रत विकल्याबद्दल मुंबईतल्या पुस्तकविक्रेत्यावर खटला झाला आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची शिक्षा कायम केली. न्यायालयानं लावली ती ‘हिक्लिन’ कसोटी, सुट्या उताऱ्यांवरूनही पुस्तक अश्लील ठरवू देणारी, १८६८ सालच्या एका इंग्लिश खटल्यातली, जी ब्रिटननं पाच वर्षांपूर्वीच सोडून दिली होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ती स्पष्टपणे बाजूला सारली २०१४ मध्ये. नाटकांचंही तसंच. लंडनमध्ये लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याकडून संहिता मंजूर करून घ्यायची सक्ती १९६८ च्या कायद्यानं संपली. एडवर्ड बाँड यांच्या ‘सेव्ह्ड’ या नाटकावरून झालेल्या वादाचा त्यात मोठा हात होता. त्यानंतर चार वर्षांनी इथे ‘सखाराम बाइंडर’ला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे धाडावी लागते.