गिझरची लाइन बंद का ठेवली, आणि ते दोन तास कशात गेले

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आज सकाळी तुमच्याकडे आलेल्या तिघांनाही बसवून सगळं पुन्हा विचारून घेतलं आणि मगच लिहायला घेतलं.

तुमचं म्हणणं असं, की पहिल्या दिवशी आलेला मुलगा बोर्डाला हातही न लावता परत गेला. दुसऱ्या दिवशी दोघे आले, दोन तास नुसती मोजमापं केली, गिझरची लाइन बंद ठेवली आणि पैसे घेऊन गेले. मग तुमच्या ओळखीच्या माणसाने दहा मिनिटांत सगळं चालू करून दिलं. शेवटी तुम्ही विचारलंय, 'वीस वर्षं हेच काम करणाऱ्याला परवाना कशाला हवा?'

पहिल्या दिवसाची चूक आमची आहे. तुम्ही फोनवर 'मेनचा खटका सारखा पडतो' असं स्पष्ट सांगितलं होतं. आमच्याकडे ते किरकोळ काम म्हणून लिहून घेतलं गेलं आणि शिकाऊ मुलाला एकट्याला पाठवलं. तुमचा दिवस वाया गेला, त्याबद्दल माफी मागतो. त्या भेटीचे पैसे परत करतोय. पण त्या मुलाला मी रागावलो नाही आणि रागावणारही नाही. परवानाधारक शेजारी उभा नसताना डीबीचं (घरातल्या सगळ्या खटक्यांच्या मुख्य पेटीचं) झाकण उघडायचं नाही, हे मीच त्याला पहिल्या दिवशी शिकवलंय. तुम्ही आग्रह करत असतानाही तो नाही म्हणाला, याचं मला समाधान आहे.

आता ते दोन तास. तुमचा पडणारा खटका एमसीबीचा नव्हता, आरसीसीबीचा होता. एमसीबी जास्त लोड आणि शॉर्टपासून वायर वाचवतो. आरसीसीबी माणसाला वाचवतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच तो पाहत असतो. फरक पडला म्हणजे करंट दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने जातोय, आणि ती वाट माणसाच्या अंगातूनही असू शकते. तुमच्याकडचा 30 मिलिअँपिअरचा आहे. तो 15 ते 30 च्या मधे कधीही पडू शकतो.

आमच्या माणसांनी आधी सप्लाय बंद केला, टीव्ही-राऊटरसारख्या नाजूक वस्तू सोडवल्या, कारण मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, 500 व्होल्ट सोडतो आणि त्यात त्या जळू शकतात. मग एकेक सर्किट वेगळं करून फेज-न्यूट्रल एकत्र धरले आणि अर्थिंगशी इन्सुलेशन, म्हणजे तारांवरचं आवरण करंटला किती अडवतं ते, मोजलं. किमान 1 मेगाओम यायला हवा. तुमची बाकीची सगळी सर्किटं 100 च्या वर होती. गिझरचं आलं 0.01. गिझरच्या दोन्ही तारा सोडवून पुन्हा मोजलं, तरी 0.01. म्हणजे दोष गिझरमधे नव्हता, भिंतीतल्या वायरमधे होता. तुम्ही आधी कुणाच्या तरी सांगण्यावरून नवा गिझर घेतलात, त्याची गरज नव्हती. हे मोजमाप आधी झालं असतं तर तो खर्च वाचला असता, याचं मला खरंच वाईट वाटलं.

0.01 मेगाओम म्हणजे 10 हजार ओम. 230 ला 10 हजारांनी भागलं की 23 मिलिअँपिअर येतात, बरोबर 15 आणि 30 च्या मधे. खटका कधी पडायचा, कधी नाही, आणि आंघोळींनंतर भिंत ओलसर असताना हमखास पडायचा, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. वायरचा खराब झालेला जोड बहुतेक टाइल्समागच्या बॉक्समधे आहे. तो उघडायचा तर एक टाइल काढावी लागणार होती. तुम्ही नको म्हणालात, आणि घर तुमचं आहे. पण ती लाइन चालू करून सही करणं आमच्या माणसाला शक्य नव्हतं. म्हणून दोन्ही टोकं सोडवून, टेप लावून, डीबीवर चिठ्ठी चिकटवली आणि रीडिंग तुम्हाला लेखी दिली.

परवान्याबद्दल माझं स्वतःचंच सांगतो. परवाना मिळण्याआधी मी सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं. हात चांगला होता. जिथे अर्थिंग नसायचं तिथे मी सॉकेटमधे न्यूट्रलवरूनच अर्थची तार मारायचो. टेस्टर लावला की सगळं ठीक दिसायचं, कुणाची कधी तक्रार आली नाही. परीक्षेचा अभ्यास करताना कळलं, की मागे कुठे न्यूट्रल तुटला तर त्याच तारेने वस्तूच्या पत्र्यावर फेज येतो. त्या रात्री झोप लागली नाही. आठवली तेवढ्या घरी मी परत जाऊन ती तार काढली. सगळी घरं आठवली नाहीत. वीस वर्षांचा अनुभव मला मान्य आहे, पण चुकीची गोष्टही वीस वर्षं बिनतक्रार चालते.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे असले तरी मुद्दा तोच. माणसाचा परवाना वेगळा, फर्मचा वेगळा, आणि दोन्हींची मुदत व प्रकार बघून घ्यावा. इंजिनिअरिंगची पदवी किंवा एसी-फ्रिज दुरुस्तीचा अनुभव म्हणजे घरच्या वायरिंगचा परवाना नव्हे. मीटर आणि त्याच्या सीलमागचं काम आम्हीही करत नाही, ते वीज कंपनीचं. आणि येणाऱ्याकडे मेगर नसेल, फक्त टेस्टर असेल, तर तो दिवा लावू शकेल पण तपासणी करू शकणार नाही. टेस्टरचा निऑन फेज दाखवतो. इन्सुलेशन किती उरलंय, अर्थिंग धरतंय का, हे त्यात दिसत नाही.

तुमच्या ओळखीच्या माणसाने काय केलं ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याच्यावर आरोप करत नाही. कदाचित जोड तात्पुरता सुकला असेल. पण वायर बदलली नसेल, बॉक्स उघडला नसेल आणि तरी खटका पडत नसेल, तर आरसीसीबीला वगळून लाइन थेट जोडली गेली असण्याची मला भीती वाटते. तसं असेल तर तो 23 मिलिअँपिअर तसाच वाहतोय आणि तो तोडायला कुणी नाही.

कृपया आजच एक करा. वीज चालू असताना आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं छोटं बटण दाबा. खटका लगेच पडला पाहिजे आणि त्यावरचे सगळे दिवे बंद झाले पाहिजेत. खटका पडला नाही, किंवा पडूनही एखादी लाइन चालू राहिली, तर डीबीतला गिझरचा एमसीबी खाली करा. नुसतं गिझरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. घरात सगळ्यांना सांगा की तो वर करायचा नाही. मग आम्हाला नको असेल तर दुसऱ्या कुठल्याही परवानाधारकाला बोलवा आणि आमच्या अहवालातलं रीडिंगचं पान त्याला दाखवा. त्याला सगळं पहिल्यापासून मोजावं लागणार नाही.

आम्हाला बोलावलंत तर मी स्वतः येईन. टाइल काढण्याऐवजी गिझरसाठी बाहेरून पाइपातून नवी वायर नेता येते का, ते आधी पाहू. जुनी लाइन तशीच सोडून देता येईल. बटण दाबल्यावर काय झालं, तेवढं इथे किंवा फोनवर जरूर कळवा.