‘दाखला घ्या, व्हिजिटर व्हिसावर लंडन गाठा’ : या फॉरवर्डमधली एकेक चूक

लग्नसराईत नाशिकच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा : ‘जोडीदार यूकेत असेल तर एजंट कशाला? लग्नाचा दाखला काढा, व्हिजिटर व्हिसावर जा, तिथे स्पाऊस व्हिसा करून घ्या. उत्पन्न कमी पडलं तर घरचा सातबारा आणि वडिलांची एफडी दाखवा. इंग्रजीची परीक्षा लागत नाही.’ एजंट नको हे खरं, अर्ज स्वतःला भरता येतो. बाकीचं तपासू.

‘तिथे जाऊन करून घ्या.’ व्हिजिटर म्हणून ब्रिटनमध्ये असताना जोडीदाराच्या व्हिसासाठी अर्ज करता येत नाही, परत यावंच लागतं. राहायला जायचं असताना ‘फिरायला’ असं लिहिलं आणि ते फसवणूक ठरलं, तर 10 वर्षांची बंदी येऊ शकते.

‘स्पाऊस व्हिसा.’ आधी जोडीदाराचा स्वतःचा व्हिसा कोणता ते विचारा. तो किंवा ती ब्रिटिश नागरिक किंवा कायमची रहिवासी असेल तर पार्टनर व्हिसा मिळतो, पहिला 33 महिन्यांचा. स्किल्ड वर्कर म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असेल तर डिपेंडंट व्हिसा, त्याचे नियम वेगळे. आणि एमएस-एमबीएसारख्या (संशोधनाच्या नव्हे, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या) कोर्सला गेलेल्यांना तर 1 जानेवारी 2024 नंतर सुरू झालेल्या कोर्ससाठी जोडीदार नेताच येत नाही. स्थळ बघतानाच विचारायचा प्रश्न आहे हा.

‘सातबारा दाखवा.’ सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. पार्टनर व्हिसासाठी वर्षाला 29,000 पौंड उत्पन्न लागतं, आणि ते ब्रिटनमधल्या जोडीदाराचं. तुमचा सातपूर-अंबडमधला पगार त्यात धरत नाहीत. द्राक्षबागेची किंमतही नाही. जोडीदाराचा पगार कमी असेल तर बचत चालते, पण हिशेब असा : जेवढी तूट तिची अडीचपट, अधिक 16,000. म्हणजे पगार 25,000 असेल तर 26,000 पौंड बचत हवी. पगारच नसेल तर 88,500, म्हणजे एक कोटी रुपयांच्या आसपास. ही रक्कम तुम्हा दोघांपैकी कुणाच्या तरी खात्यात सलग 6 महिने हवी. वडिलांनी बक्षीस दिलेले पैसे चालतात, उसने चालत नाहीत. त्यांच्याच नावावरची एफडी तर नाहीच. तुमची स्वतःची एफडी हवी तेव्हा मोडता येत असेल तर चालते. पगाराच्या स्लिपमधला आकडा आणि बँकेत जमा झालेला आकडा जुळवून बघा; अर्ज अडकतो तो बऱ्याचदा इथे.

‘परीक्षा लागत नाही.’ पार्टनर व्हिसाला ए1, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचं इंग्रजी बोलणं-ऐकणं लागतं. नेहमीची आयईएलटीएस चालत नाही, यूके व्हिसासाठी मान्य असलेलीच द्यावी. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर एक्टिसकडून (परदेशी पदव्या पडताळणारी ब्रिटनची संस्था) तसा दाखला घेऊन परीक्षा टळते.

‘लग्नाचा दाखला.’ हॉलची पावती किंवा गुरुजींचं पत्र म्हणजे दाखला नव्हे. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात नमुना ड भरून, तीन साक्षीदारांसह नोंदणी करा. आडनाव बदलायची ब्रिटनची सक्ती नाही. बदलायचंच असेल तर आधी पासपोर्ट, मग बाकी कागद. लग्न न करता राहणाऱ्यांनाही मार्ग आहे, पण लग्नासारखं नातं किमान 2 वर्षं असल्याचे पुरावे लागतात. फियान्से व्हिसावर (तिथे जाऊन लग्न करणाऱ्यांसाठीचा) मात्र नोकरी करता येत नाही.

मेसेजमध्ये दोन गोष्टी मुळातच नाहीत. आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क) वर्षाला 1,035 पौंड, 33 महिन्यांसाठी 3,105, आणि तो अर्ज करतानाच एकरकमी भरायचा. दुसरी, मान्यताप्राप्त क्लिनिकमधली टीबी तपासणी. एक्स-रेत शंका आली तर थुंकीच्या तपासणीत दोन महिने जाऊ शकतात, म्हणून बायोमेट्रिक्सची तारीख घ्यायच्या आधी तपासणी उरका. टीबी तपासणीचा दाखला 6 महिनेच चालतो, त्यामुळे फार आधीही करू नका.