काटा नको, किल्ली द्या

आज आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, हॉलमध्ये 'बाल लठ्ठपणा जनजागृती शिबिर' झालं. पोट्ट्यांना रांगेत उभं केलं, काट्यावर चढवलं आणि आकडे चक्क माइकवर वाचले. माझ्या १० वर्षांच्या पोराचा आकडा ५२. मागून कोणीतरी "अरे बाप्पा!" म्हटलं, हॉल हसला. तोही हसला. घरी आल्यावर अर्धा तास बाथरूमच्या बाहेर आला नाही.

आणि शिबिर संपल्यावर वाटलं काय? समोसा अन् मँगो ड्रिंक! शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत असलं तेला-साखरेचं विकू नका, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. हॉलला लागू नसेल तो. अक्कल तर लागू असते नं?

पाहुण्यांनी सांगितलं, ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला ६० मिनिटं तरी धावपळ करावी, जागतिक आरोग्य संघटना म्हणते. बरोबर आहे. कुठं करावी? लेआउटच्या मोकळ्या जागेला, ओपन स्पेसला, कुलूप आहे. लॉन खराब होतं म्हणे.

मागच्या दिवाळीत शेजारच्या काकांनी तिथंच चुन्यानं आट्यापाट्या आखल्या होत्या. नऊ पाट्यांपुरती जागा नव्हती, चारच आखल्या. माझं पोरगं पाटी धरून उभं राहिलं की त्याला चुकवून जाणं कोणाला जमेना. सगळे त्याला आपल्या संघात ओढायचे. तेच अंग, तेच वजन! ११ दिवस चाललं ते. रात्री साडेनऊला गाढ झोपायचा, मोबाईलची आठवण नाही. बाराव्या दिवशी गवतावर चुन्याचे डाग पडले म्हणून कुलूप.

हो, मोबाईल मीच देते हातात. रविवारी तर्री-पोहा आणि वर जिलबीही आमच्याच घरात येते. कबूल. मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी पाचला पोर बाहेर काढणं म्हणजे भाजायला टाकणं, तेही कबूल. मग सकाळी सहाला उघडा की!

सीबीएसईनं २०२५ मध्ये शाळांना साखरेचे तक्ते लावायला सांगितलं. चांगलं केलं. पोराला तो तक्ता पाठ आहे, कोणत्या बाटलीत किती चमचे ते मलाच सांगतो. पण एकट्यानं पाठ करून काय होते? तिथं पंधरा पोरं पाहिजेत, एक आरडाओरडा करणारे काका पाहिजेत, अन् उघडं गेट.

काकांना फोन केला आत्ता. गुडघा दुखतो म्हणाले, पण चुना आहे म्हणाले घरी.

पोरानं झोपताना विचारलं, "आई, उद्या पुन्हा काटा आहे का?" नाही रे राजा.

किल्ली कोषाध्यक्षांकडे असते. उद्या सकाळी साडेपाचला त्यांच्या दारात उभी राहणार आहे मी. लेआउटमधलं कोण कोण येतंय, इथंच सांगा.